न दुखणारी काळपुळी

मला फोड आला तेव्हा तो दुखत नव्हता, आणि त्याचंच मला बरं वाटलं होतं. दुखणाऱ्या गोष्टी माझ्याकडे आधीच भरपूर होत्या. गुडघे दुखत होते, टाच दुखत होती, आणि मार्च जवळ आला की शाळेच्या ऑफिसात डोकं दुखायचं ते वेगळंच.

मी पूर्णेत राहते, एका शाळेत क्लार्क आहे. आमचे हे रेल्वेत सिग्नलच्या कामाला आहेत. मला लिहायची सवय आहे ती दाखले आणि पगारपत्रकं लिहायची. तरी हे लिहायला बसले, कारण दवाखान्यातून आल्यापासून बायका मला बाजारात थांबवतात, बाही वर करायला लावतात आणि विचारतात, नेमकं काय झालं होतं वो तुम्हाला? दर वेळी सांगताना मी काहीतरी गाळते. इथे गाळायचं नाही असं ठरवलंय.

कातडं

माझं माहेर चुडाव्याजवळचं. आम्ही धनगर. वडिलांनी माझ्या नावानं काही मेंढ्या सोडल्या, त्या माझ्या चुलतभावाकडे, सोपानकडे, अर्धलीनं असतात. म्हणजे मेंढ्या माझ्या, राखण त्याची, आणि होतील ती कोकरं निम्मी निम्मी. सोपान माझ्यापेक्षा लहान. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन फिरायचे, आणि तो माझी वेणी ओढायचा. मी नोकरीला लागल्यापासून तो मला 'सायेब' म्हणून चिडवायचा, आणि कधी लाडात आला की 'अक्का'.

अर्धलीत आमच्याकडे एक रीत आहे. मेंढी मेली तर राखणारा तिचं कातडं कानासकट सोलतो आणि मालकाच्या दारात आणतो. कानावर मालकाची खूण कातरलेली असते. मालकानं तो कान हातात धरून बघायचा आणि 'बरं' म्हणायचं. मेंढी विकली नाही, कापून खाल्ली नाही, खरंच मेली, याची ती खातरी. यात मालकाचा संशय कमी आणि राखणाऱ्याचं इमान जास्त असतं. मालकानं लांबूनच मान हलवली तर राखणाऱ्याला ते लागतं. मला हातात धरायच्या लायकीचा समजला नाही, असं तो म्हणतो.

मी सोपानला कितीदा सांगितलं होतं की बाबा, फोन कर, फार तर फोटो पाठव. तो म्हणायचा, "फोटूतला कान कुनाचाबी आसतो."

त्या रविवारी तो चुडाव्याहून पॅसेंजरनं आला. कातडं खताच्या पोत्यात घातलेलं होतं. डब्यात एकानं वासावरून कटकट केली, म्हणून तो पोतं खांद्यावर घेऊन पूर्णेपर्यंत दारात उभा राहिला. आल्या आल्या हे त्यानं हसत सांगितलं. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, मग तिकीट दोघांचं काढलंस का? तो त्यावरही हसला.

मेंढी रात्री चांगली होती, सकाळी पाय ताणून पडलेली सापडली. पोट टम्म फुगलेलं. नाकातून काळपट रक्त आलं होतं, ते गोठत नव्हतं. त्याचं म्हणणं, तिला पान लागलं. साप चावला असं सरळ आमच्यात म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. बायकोनं, गंगानं, मेलेल्या मेंढीचं मटण घरात येऊ दिलं नाही. बाकीचं सगळं त्यानं खड्ड्यात लोटलं, फक्त कातडं काढून मीठ लावून आणलं.

मी भाजी चिरायची ठेवून उठले. कातडं ओलं होतं, जड होतं. कान खालच्या बाजूला गेला होता, म्हणून मी ते डाव्या हातावर तोलून उलटं केलं आणि कान धरला. खूण माझीच होती. मी 'बरं' म्हटलं. सोपाननं भाकरी खाल्ली, चहा घेतला, पोतं परत खांद्यावर टाकलं आणि दुपारच्या गाडीनं गेला. माझ्या मनगटावर तेव्हा विळीचा ओरखडा होता का, हे पुढे डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. मला आजही आठवत नाही. बाईच्या हातावर ओरखडा कधी नसतो?

बिब्बा

दोन-चार दिवसांनी मनगटाच्या वर एक पुळी उठली. डास चावल्यासारखी. खाज सुटायची. मग तिच्याभोवती पाण्यानं भरलेले बारीक फोड आले आणि मधला भाग दबून गेला. सासूबाई म्हणाल्या, नागीण उठायलीय, बिब्बा घालू.

बिब्बा आमच्या घरात मिठासारखा हाताशी असतो. पायात काटा मोडला, बिब्बा. पोटात दुखलं, बिब्बा. दिव्यावर धरून सुईनं टोचला की तेल निघतं, त्याचा ठिपका द्यायचा. ज्यांना सोसत नाही त्यांना तो उततो, म्हणजे कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, काळं पडतं. सासूबाईंनी माझ्या पुळीवर ठिपका दिला, आणि दुसऱ्याच दिवशी पुळीचा मधला भाग काळा झाला. कोळशासारखा काळा. सासूबाईंचं तोंड उतरलं. माझ्या हातानं झालं म्हणून त्या मला दिवसभर जेवायला वाढत बसल्या.

हात सुजत चालला. बांगड्या साबण लावूनही निघेनात, शेवटी फोडाव्या लागल्या. पण दुखत नव्हतं. मी शाळेत जात होते. बाया विचारायच्या, मी म्हणायचे, बिब्बा उतला. सगळ्या मान हलवायच्या. आमच्या भागात याच्यापुढे कुणी प्रश्न विचारत नाही. घराजवळच्या डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी बघितलं, मलम दिलं, आणि या वयात असले उद्योग कशाला करता म्हणून थोडं रागावले.

मग एका दुपारी ऑफिसात हुडहुडी भरली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी शाल मागत होते. शिक्का उचलला तर बोटांत धरवेना. सूज कोपराच्या वर चढली होती. आमच्या ह्यांना फोन गेला. ते कामावरचेच कपडे घालून आले आणि मला घेऊन परभणीच्या गाडीत बसले.

नाव कळलं तो दिवस

परभणीच्या दवाखान्यात एका डॉक्टरांनी हात बघून सांगितलं, पू आहे, चिरा द्यावा लागेल. ट्रे आला. मी तोंड फिरवलं. मला आठवतं, त्या वेळी मला हाताची भीती नव्हती, एवढ्या लोकांत मी ओरडले तर कसं दिसेल याची होती.

तेवढ्यात एक डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या पूजापेक्षा, म्हणजे माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीपेक्षा, फार मोठ्या नसतील. त्यांनी काळ्या खपलीच्या कडेला बोटानं दाबलं.

"दुखतंय?"

मी नाही म्हटलं. त्यांनी आणखी जोरानं दाबलं आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. एवढा सुजलेला, एवढा काळा हात, आणि दुखत नाही म्हणते ही बाई. त्यांनी खपलीवरचं बोट काढलं. मग विचारलं, घरी जनावरं आहेत का? मी म्हटलं, नाही, आम्ही गावात राहतो, मेंढ्या आहेत पण त्या भावाकडे.

"त्यातली एखादी इतक्यात मेली का? तुम्ही तिला हात लावला होता?"

मला वाटलं, हिला कुणी सांगितलं? मी कातड्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं, हे आत न्या, याला कापायचं नाही. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. डॉक्टर माणूस खुर्ची ओढून बसला की समजावं. त्या म्हणाल्या, याला आपल्याकडे काळपुळी म्हणतात. जनावरांत फाशी म्हणतात. फाशी हा शब्द मी लहानपणी ऐकला होता. वडील तो शब्द उच्चारला की थुंकायचे. मग बाईंनी इंग्रजी नाव घेतलं, अँथ्रॅक्स, आणि आमच्या ह्यांचा चेहरा पांढरा पडला.

हे रोज मोबाईल बघणारे. त्यांनी तिथेच नाव टाकून शोधलं. मी बाजूनं डोकावले. पाकिटं, पांढरी पूड, नखशिखान्त झाकलेले सैनिक. त्यांनी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. मी विचारलं, काय लिहिलंय? ते म्हणाले, काही नाही, इंग्रजी आहे.

बाईंनी ते बघितलं होतं. त्या म्हणाल्या, माणसांना घाबरवायला कुणी वापरेल म्हणून सगळं जग जिला भितं ती हीच गोष्ट, पण आपल्याकडे ती कुणी पाठवावी लागत नाही, मेंढरा-गुरांमधून मातीत असतेच. वेळेवर औषध मिळालं तर हातावरची बहुतेक बरी होते. फोडातलं पाणी तपासायला गेलं, पण उत्तराची वाट न बघता त्यांनी इंजेक्शनं सुरू केली. 'बहुतेक' हा शब्द मी किती वेळा मनात फिरवला ते सांगता येत नाही. मी मरणार का, हे मला विचारायचं होतं, आणि मी विचारलं ते हे, की शाळेत रजेचा अर्ज काय कारण लिहून द्यायचा.

वॉर्ड

दवाखान्यातला दिवस सुईनं सुरू होतो आणि सुईनंच संपतो. मधे राउंड, मधे झाडू, मधे कुणाचं तरी रडणं. ताप उतरायचा, मला वाटायचं सुटले. संध्याकाळी पुन्हा चढायचा. डावा हात उशीवर ठेवलेला, माझाच असून परक्यासारखा. खांद्यापर्यंत सूज. रात्रीपर्यंत छातीकडे गेली तर काय, हे मी कुणाला विचारत नव्हते, नुसती उजव्या हातानं चाचपत राहायचे.

नाव वॉर्डात फुटायला वेळ लागला नाही. ताट आणणारी मावशी ताट खाटेच्या पायथ्याशी ठेवून मागे सरायची. समोरच्या बाईनं खाट बदलून घेतली. आमच्या गल्लीतून बघायला येतो म्हणालेले लोक खालूनच फोन करून गेले. हे माणसाचं माणसाला होत नाही असं डॉक्टरीणबाई सगळ्यांना सांगून थकल्या, पण भीतीला कान नसतात.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी खाला होत्या. पाय मोडला होता आणि तो वजन लावून टांगलेला होता. कुणीतरी त्यांना म्हणालं, खाला, तुम्ही पण खाट बदला. खाला म्हणाल्या, "मेरा पाँव लटकेला है, मैं किधर भागूँ?" सगळे हसले, मीही हसले, बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि माझी वेणी घातली. एका हातानं मला ती घालता येत नव्हती आणि केसांचा गुंता झाला होता. खालांचा तो हात डोक्यावर फिरत असताना मी रडले. त्या गुंता सोडवत राहिल्या.

एक पोलीसही आले होते. या रोगाचं नाव वरपर्यंत कळवावं लागतं, म्हणून चौकशी. त्यांनी लांब उभं राहून विचारलं, तुम्हाला टपालानं एखादं अनोळखी पाकीट आलं होतं का? मी म्हटलं, साहेब, आम्हाला पाकीट येतं ते लग्नपत्रिकेचं, आणि तेही हल्ली मोबाईलवर येतं. ते बिचारे ओशाळले. जाताना हळूच म्हणाले, आमच्याकडे बी शेळ्या हायत, त्यायला काय करावं लागतं का?

आमच्या ह्यांचा मात्र हसण्याचा मूड नव्हता. ते सोपानवर पेटले होते. घाण दारात आणून टाकली त्यानं, असं म्हणायचे. मी रीत समजावून सांगितली की आणखी चिडायचे. मी त्या माणसाचं तोंड बघणार नाही, तुझ्या माहेरचं एक मेंढरू मला दारात दिसायला नको. मला उत्तर द्यायचं त्राण नव्हतं. नवरा-बायकोत आजारपणात असं काही बोललं जातं, जे दोघांनाही नंतर आठवायचं नसतं.

झरीच्या शिवारात

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, त्या कातड्याला आणखी कुणाचे हात लागले? मी सोपानचं आणि गंगाचं नाव सांगितलं, आणि त्याला फोनही केला. हरभरा निघाल्यावर त्यानं मेंढरं झरीकडे नेली होती. रिकाम्या रानात कळप बसवायचा, खतासाठी शेतकरी त्याला धान्य देतो, असं आमच्या लोकांचं उन्हाळ्याचं चालतं. तो म्हणाला, "मला काय धाड भरलीया? तू तुझं बघ, सायेब." आवाज बसलेला वाटला. विचारलं तर म्हणाला, धूळ हाय रानात.

आरोग्यखात्याची माणसं त्याला शोधत झरीला गेली. कळप आज या रानात, उद्या त्या रानात, त्यामुळे सापडायला वेळ लागला. त्या दुपारी डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या त्या हसत. माझा ताप दोन दिवस चढला नव्हता, तपासणीचं उत्तरही आलं होतं. म्हणाल्या, आपला अंदाज बरोबर होता मावशी, कातड्याचंच. आणि काळजी करू नका, तुमच्या भावाकडे जाऊन आले लोक. नवरा-बायको दोघं ठीक आहेत. गोळ्या दिल्यात. त्याच्या मानेवर फक्त बिब्बा उतलाय.

मी उशीवरून उठून बसले.

"बाई, बिब्बा कशावर घातला?"

मी म्हटलं, बिब्बा काही हौसेनं घालत नाहीत. आधी तिथं पुळी असणार. मलाही सगळे बिब्बाच म्हणत होते. पोतं त्यानं खांद्यावर आणलं होतं, मानेला लावून.

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. हाताला येणं वेगळं आणि मानेला येणं वेगळं, सूज आत वळली तर श्वासच अडतो, एवढं त्यांनी जाता जाता मला सांगितलं आणि फोनकडे पळाल्या. ती माणसं दुसऱ्या गावाला निघून गेली होती. सोपानचा फोन वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. गाडीची व्यवस्था करते म्हणाल्या, पण वेळ लागणार होता.

आमचे हे खिडकीपाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. परभणी स्टेशनवरच्या त्यांच्या दोस्ताची मोटारसायकल मागून घेतली आणि गेले.

पुढचं त्यांनी मला सांगितलं ते बऱ्याच दिवसांनी. सोपान एका बाभळीखाली बसला होता. एवढ्या उन्हात गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं. ते काढलं तर जबडा आणि मान एक झालेली, कानाखाली तसलीच काळी खपली. हे म्हणाले, चल. तो म्हणाला, मेंढरं कुणाच्या जिवावर टाकू? रान उद्या खाली करायचंय, मग येतो. दुखत तर न्हाई, दाजी. हे बघा, दाबून बघा.

आमचे हे तापट आहेत, पण खोटं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. म्हणाले, तुझी अक्का सलाईन लावून घेईना. सोपानला बघितल्याशिवाय हाताला हात लावू देणार नाही म्हणती. तिला काय झालं तर तुझ्यावर हाय.

तो उठला. गंगाला म्हणाला, येतोच रातच्याला. ती कळपापाशी राहिली, जनावरं सोडून दोघांना येता येत नव्हतं. वाटेत तो मागे झोकांडायला लागला तेव्हा ह्यांनी त्याचंच उपरणं घेऊन त्याला स्वतःच्या कमरेला बांधलं आणि तशी गाडी हाकली. ज्याचं तोंड बघायचं नव्हतं त्याचं डोकं पाठीवर घेऊन.

मला खाली त्याच्याजवळ नेलं. तो स्ट्रेचरवर बसूनच होता, आडवं होता येत नव्हतं, श्वास आवाज करत होता. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. सलाईन व्यवस्थित चालू होतं. मग दाजींकडे बघितलं. त्याच्या लक्षात आलं.

"लावलंय की, सायेब," असं तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि हसला. मग त्याला आत नेलं आणि श्वासासाठी नळी घातली. त्यानंतर तो बोलला नाही.

डॉक्टरीणबाई रात्रभर घरी गेल्या नाहीत हे मला नर्सनं सांगितलं. दुसरा दिवसभर तो होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे वॉर्डात आले, माझ्या खाटेवर बसले, ताट ठेवायच्या जागी, आणि तोंड झाकून रडायला लागले. मला काही विचारावं लागलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. खालांनी शेजारून हात लांब करून माझं डोकं धरलं.

घरी आल्यावर

मी बरी झाले. बरी होणं ही साधी गोष्ट नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी आले तेव्हा सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि घरातले सगळे बिब्बे वेचून उकिरड्यावर फेकले. मी बसल्या बसल्या दचकायचे. अंगावर कुठे पुटकुळी आली की आरशासमोर उभी राहायचे. गोळ्या संपल्या तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटली, की आता आपल्याला राखणारं काही नाही. हाताची खपली पुष्कळ आठवडे राहिली. ती ओढायची नाही असं सांगितलं होतं. एक दिवस आंघोळ करताना आपोआप पडली. खाली गुलाबी कातडी होती, कोवळी.

झरीच्या रानातून कळपाला सोपान गेला त्याच दिवशी हाकललं. कुणी विहिरीवर पाणी पाजू देईना. जनावरांचे डॉक्टर येऊन सगळ्या मेंढ्यांना लस टोचून गेले, ते पोतं आणि कातडं जाळलं, तरी गावोगाव लोक लांबूनच दगड मारायचे. गंगानं ती मेंढरं एकटीनं चुडाव्याला चालवत आणली. नवऱ्याचं मरण कळल्यावर.

ज्यांच्यासाठी मी हे लिहितेय त्यांना एवढंच सांगते. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाका-तोंडातून रक्त आलं, तर त्याला सोलू नका, कापू नका. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा आणि ते सांगतील तसं करा. इमान दाखवायला शब्द पुरे आहे, कातडं लागत नाही. अंगावर काळ्या तोंडाची पुळी उठली, सूज आली आणि ती दुखत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा की आमच्याकडे जनावरं आहेत. वर बिब्बा, शेण, काही लावू नका. लावलं असलं तर लाजू नका, तेही सांगा.

सोपानचे दिवस झाल्यावर गंगा पूर्णेला आली. मला वाटलं, मेंढ्या परत घेऊन जा म्हणायला आली असेल. मी आधीच सांगून टाकलं की मेंढ्या तुझ्याचकडे राहतील, आणि आता निम्मं काही नको, कोकरं सगळी तुझी. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. चहा तसाच ठेवला. मग सरकून जवळ आली आणि माझी बाही वर केली. डागावर अंगठा ठेवला.

"अक्का, खरं सांगा. ह्ये दुखत व्हतं का न्हाई?"

"नाही गं."

"जरासंबी न्हाई?"

"सुईच्या टोकाएवढंही नाही."

तिनं मान खाली घातली. म्हणाली, ते रोज संध्याकाळी मेंढरं बसली की माझ्यापुढं यायचे. अंगठ्यानं मान दाबून दाखवायचे. बग, काय न्हाई. मी म्हनायची, दवाखान्यात जाऊ. ते पुन्हा दाबायचे. मग मीच म्हनलं.

"काय म्हणालीस?"

"म्हनलं, दुखत न्हाई तर मग ऱ्हाऊ द्या."

तिच्या अंगठ्याचा जोर वाढत गेला. ती डाग दाबत होती, पुन्हा पुन्हा, माझ्या तोंडाकडे बघत, कुठेतरी मी हात मागे घेईन म्हणून. मी हात तिच्याकडे तसाच राहू दिला.